एका ताटातले दोन पक्ष

अकोला, रविवार

बाबा, तुमच्या पायाशी दामिनीचा नमस्कार.

फोनवर शालिककाकाचं नाव काढलं का तुमी फोन ठेवता, म्हणून लिहून राहिली.

मी मजेत आहे. ज्या आजीची मी देखभाल करते, त्या आता माझ्याच हातानं औषध घेतात. तुमी बीपीची गोळी घेता ना?

आजीचे दोन्ही पोरं, दोन पक्षाचे पुढारी, तुमाले माहीतच आहेत. इलेक्शनमधे तुमी थोरल्याचं काम केलं, काकानं धाकल्याचं, अन् तवापासून तुमी सख्खे भाऊ बोलत नाही. इथं मले एक नवल दिसलं. दर रविवारी हे दोघं आईजवळ एकाच ताटात जेवतात. भाषणात मात्र एकमेकाचा उद्धार करतात. असं कसं जमत असन, बाबा?

आज वाढाले मीच होती. थोरल्यानं गाव विचारलं, म्हणून वरूडजवळचं आपलं गाव अन् तुमचं नाव सांगितलं.

त्यायनं धाकल्याले विचारलं, "नत्थुजी म्हणजे माह्यावाला का तुह्यावाला?"

"मले नाई आठवत. तुह्यावालाच असन," धाकला म्हणाला, अन् त्यानं रस्सा मागितला.

काकाचा गुडघा कसा आहे? आपल्या वावराच्या धुऱ्याच्या पलीकडंच तर राहते तो. विचारून मले कळवा.

आईले सांगा, मी पोटभर जेवते.

तुमची,
दामिनी