खिडकीजवळचा कोपरा

शुक्रवार, ६ जून. संध्याकाळ.

मी गेले तर या घराचं कसं होणार? मी सायन्सची पदवीधर आहे, घरातली पहिली, पण या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही.

नोकरी लागली आहे. दुसऱ्या गावी, वसतिगृहाच्या शाळेत सायन्स शिकवायचं. मुलांना पाठांतरातून बाहेर काढायचं हे माझं कॉलेजपासूनचं ध्येय. मुख्याध्यापिका बाईंना उद्या संध्याकाळपर्यंत फोनवर हो की नाही ते कळवायचं आहे. नाही कळवलं तर जागा दुसरीला.

आई म्हणाली, त्यात विचार कसला करतेस, जा की. आवाज अगदी नेहमीसारखा होता. किती मनाला लावून घेतलंय बिचारीने!

निर्णय उद्या उठल्या उठल्या. शांत डोक्याने.

शनिवार, ७ जून. सकाळ.

उठायला उशीर झाला. निर्णय चहानंतर.

चहानंतर मिक्सर बंद पडला. आता मी नसते तर? बाबा तो पिशवीत घालून दुरुस्तीवाल्याकडे निघालेच होते. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, ज्या घरात सायन्सची पदवी आहे त्या घरातला मिक्सर बाहेर जाणार नाही. बाबा म्हणाले, बरं, पण जरा जपून, तुझ्या पदवीपेक्षा जुना आहे तो.

मिक्सर दुरुस्ती हा आजपासून माझा छंद. विणकाम सध्या थांबवलं आहे. बाबांसाठी विणायला घेतलेला स्वेटर मधे धाकट्या भावाचा करायचं ठरलं होतं. आता जेवढा झालाय त्यात फोन चांगला बसतो.

तीच सकाळ, जरा नंतर.

मिक्सर उघडला. आत अपेक्षेपेक्षा जास्त भाग आहेत.

धाकटा टेप घेऊन आला आणि माझं टेबल मोजायला लागला. लांबी, रुंदी, खणाची खोलीसुद्धा. कुणीही न सांगता! ही माझी संगत. मोजून काय करणार विचारलं, तर म्हणाला, ताई, खणाची किल्ली कुठे असते? केवढी जिज्ञासा! ती मी गेल्यावर कोण जोपासणार?

किल्ली दिली नाही. आत माझी खासगी ध्येयं आहेत.

दुपार. जेवणाआधी.

आत्याचा फोन. बाबांची बहीण, कपडे शिवते. तिच्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागतो. म्हणाली, काय गं, तुझ्या खिडकीतून ऊन कुठवर येतं? मी सूर्याचा मार्ग, ऋतू, खिडकीची दिशा, सगळं नीट समजावलं. आत्या म्हणाली, बाई बाई, सूर्य राहू दे, सुईत दोरा ओवता येईल का तेवढं सांग. म्हटलं, येईल, पलंगाच्या कडेपर्यंत ऊन असतं. तिने समाधानाने सुस्कारा सोडला आणि वहिनीला फोन दे म्हणाली. एकटी पडली आहे. माझ्याजवळ येऊन बसावंसं वाटत असणार. मी गेल्यावर ती कुणाजवळ बसेल?

माझं मन 'नाही'कडे झुकतंय. हा त्याग आहे. भीती नव्हे. छातीत धडधडतंय ते चहा जास्त झाल्यामुळे.

दुपार. बाजारातून आल्यावर.

बाबांनी थ्री-पिनचं सॉकेट आणि मशीनच्या तेलाची बाटली आणायला पिटाळलं. सॉकेट कशाला विचारलं, तर म्हणाले, तुझ्या खिडकीपाशी बसवायचंय. रस्त्यातच उलगडा झाला. माझ्या टेबललॅम्पसाठी! मी राहावं असं वाटतं त्यांना, तोंडाने म्हणत नाहीत इतकंच. तेल बहुतेक दाराच्या बिजागऱ्यांना.

दुकानदाराने विचारलं, ताई, यावर काय चालवायचंय? मी म्हटलं, आख्खं आयुष्य. तो म्हणाला, म्हणजे सहा अँपियर की सोळा?

दोन्ही घेतली.

घरी येऊन मिक्सर जोडला. तीन स्क्रू उरले. ते जास्तीचेच असावेत. बटण दाबलं आणि घरातली वीज गेली. आई म्हणाली, एवढी शिकलीस ना, मग आता कशाला हात लावू नकोस. आणि भांडं उचलून शेजारच्या काकूंकडे वाटायला गेली.

या वातावरणात विचार होत नाही. गच्चीवर जाऊन घरच्यांसाठी भाषण तयार करते. आधी त्यांना सांगायचं, मग बाईंना फोन.

संध्याकाळ.

ही नोंद स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर वही ठेवून लिहिते आहे.

खाली आले तेव्हा भाषण पाठ होतं. टेबल जागेवर नव्हतं. खिडकीपाशी शिलाई मशीन, मशीनपाशी आत्या. बाबांनी वीज परत आणली होती, सॉकेटही बसवलं होतं. त्यात मशीनच्या मोटरची पिन. बिजागऱ्या कुरकुरतच होत्या. आत्या म्हणाली, ये गं, ऊन अगदी तू म्हणालीस तिथवर येतंय.

मी सुरुवात केली. मी जात नाहीये, कारण या घराला... मशीनच्या आवाजात कुणाला काही ऐकू गेलं नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आईने हात पुसले आणि म्हणाली, झालं? कॉलेजला जातानाही हेच होतं तुझं, मी गेले तर पाणी कोण भरणार. भरलंच ना मी? हा कोपरा तसाच ठेवला असता तर तू त्यातच बसून राहिली असतीस. आणि गेली असतीस, तर त्या रिकाम्या टेबलाकडे मी बघत बसायचं का?

मशीन थांबलं होतं. बाबा उगाचच सॉकेटचा स्क्रू पिळत होते. माझ्या डोळ्यांत तेल गेलं असावं.

आतल्या खोलीत नेलेल्या माझ्या टेबलापाशी बसून धाकटा ओरडला, ताई, किल्ली!

किल्ली दिली.

मग जिन्यात जाऊन बाईंना फोन लावला. भाषणातलं एकही वाक्य उपयोगी पडलं नाही. हो म्हटलं. सोमवारी हजर होते म्हटलं. मिक्सर उरलेल्या तीन स्क्रूंसकट बॅगेत भरला आहे. मुलांना पहिल्या तासाला उघडून दाखवायला.