आधी वाल सोल

आई, आज दवाखान्यातली रिसेप्शनवरची मुलगी हात धुऊन मागे लागली. बाहेर बोर्डावर माझी माहिती लावायची आहे म्हणे, शिक्षण काय आणि मोठ्या माणसांचं समुपदेशन करायची पद्धत कोणती. शिक्षण भराभर सांगून झालं. पद्धतीपाशी मात्र मी अडले, कारण मला आठवलं ते डोंबिवलीचं आपलं स्वयंपाकघर, जिथे दोघी बसल्या की तिसरीने दारातच उभं राहायचं.

कुणी रडवेलं होऊन आलं की तू चहाच्याही आधी भिजवलेल्या वालांची परात पुढे सरकवायचीस. शेजारच्या काकू नवऱ्याशी भांडून आल्या, परात. मामाची नोकरी गेली, परात. बारावीत माझे मार्क घसरले आणि मेडिकल हुकलं, तेव्हाही जवळबिवळ घेतलं नाहीस, "आधी वाल सोल," म्हणालीस. मला असा राग आला की मी दाबून दाबून वालांचा पार चेंदा केला. तू एवढंच म्हणालीस, "घाई केलीस की मोड तुटतो गं." मग दोघी खाली मान घालून सोलत बसलो, आणि परात अर्धी होता होता मीच सांगून टाकलं की मला डॉक्टर व्हायचंच नव्हतं, ती बाबांची हौस. तू मान वर केली नाहीस. नुसतं हुं केलंस. त्या हुंच्या जोरावर मी सायकॉलॉजी घेतली. पुढे ठाण्याला ट्रेनिंगमध्ये समोरचा बोलेपर्यंत गप्प राहायला शिकवायचे, तेव्हा बाकीच्यांचा जीव टांगणीला लागायचा आणि मला माहेरी आल्यासारखं वाटायचं.

हल्ली माझ्याकडे एक काका येतात. नाव सांगणार नाही, तुलाही नाही. मानपाड्याच्या कंपनीतून रिटायर झालेत, बायको गेल्यापासून घरात अवाक्षर काढत नाहीत. मुलगा आणून बसवतो, ते हाताची घडी घालून घड्याळाकडे बघत राहतात. मागच्या खेपेला उठताना म्हणाले, आता एकदाच येईन, पोराचं मन राखायला. मला येत होतं ते सगळं करून झालं होतं. घरी येऊन मी वाल भिजत घातले.

काल ते आले तेव्हा टेबलावर मोड आलेले वाल कोमट पाण्यात होते आणि माझी खुर्ची समोरून उचलून मी त्यांच्या शेजारी ठेवली होती. बाईंचं डोकं फिरलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. मी सोलायला लागले. बऱ्याच वेळाने त्यांचाही हात पाण्यात गेला, आणि बोटं सराईत निघाली.

"ही बिरडं करायची तेव्हा सोलायचं काम माझं," ते म्हणाले. "मोड तुटला की ओरडायची."

मग ते बोलतच राहिले. मी मान वर केली नाही, हुं करत राहिले. जाताना पुढची वेळ त्यांनी स्वतःच मागून घेतली. संध्याकाळी मी त्या वालांचं बिरडं केलं. तुझ्यासारखं झालं नाही, पण तुझ्या जावयाने दुसऱ्यांदा मागून घेतलं, आणि मी फार खूश आहे.

बोर्डावर मी शेवटी चारचौघांसारखंच काहीतरी लिहून दिलं, तुझी परात काही त्यात बसली नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून एक सांगते. निघताना काकांनी माझ्या ताटलीत डोकावून पाहिलं आणि गालातल्या गालात हसले. त्यांच्या वालांचे मोड जिथल्या तिथे होते. माझे जवळजवळ सगळे तुटले होते. तू गेल्याचं मी अजून कुणाशी बोललेच नाहीये, आई.