चौदा जोड्यांचं घर

८ एप्रिल, सोमवार

कडा पुन्हा ढासळला! सकाळी आईकडे गेले तर खुराड्यामागचा अख्खा तुकडा नाही. कुंपणाचे तीन खांब खाली समुद्रात. माझ्या दानित्सानं पावलं मोजली — कड्यापासून आजीच्या मागच्या दारापर्यंत अकरा. ती दहा वर्षांची, म्हणजे माझी आठच! जानेवारीत, उन्हाळ्यात, वीस होती.

मी ओरडले तर आई म्हणते, "कोंबड्या वाचल्या ना? मग बोंबलतेस कशाला." आणि नळीनं कडू माते-चहा ओढत बसली. खिडकीला पाठ करून.

९ एप्रिल, मंगळवार

दुपारी रेडिओवर नवऱ्याचा, सिक्स्तोचा निरोप. "नोल्फा कार्कामो यांना — तुमचे पती महिनाअखेरपर्यंत मासे पाळायच्या तराफ्यावरच आहेत. सासूबाईंच्या घराचं तुम्हीच बघा." एल्सिरा तेव्हापासून हसतेय. "अख्ख्या चिलोए बेटानं ऐकलं गं! आता बघावंच लागेल!" शेजारीण असून हिला कुठे हसावं कळत नाही.

आईला किती वेळा सांगितलं, माझ्याकडे राहायला ये, वर टेकाडावर, दोन खोल्या आहेत. आजही तेच उत्तर. "एका चुलीपुढे तू आणि मी? महिन्याभरात एकीचा मुडदा पडेल. घर येत असेल तर मी येते."

म्हणजे घरच ओढून न्यायचं. ओढतात आमच्याकडे. लाकडी घर, खाली ओंडके, पुढे बैल आणि अख्खी वाडी. पण हे घर मोठं, चढ वाईट, आणि वाटेत ओढ्याजवळ ते वळण.

१० एप्रिल, बुधवार

दिवसभर दारोदार. अकरा बैलजोड्या कबूल झाल्या. कोणी "बघू" म्हणालं नाही. पैशाचा प्रश्नच नाही — जेवू घालायचं आणि त्यांनी हाक मारली की आपण जायचं. माणसंही पन्नास तरी येतील.

पण प्रत्येकाचा शेवटचा प्रश्न एकच. "पुढे उभा कोण राहणार?" आणि मग सगळे जमिनीकडे बघतात. बैल कोणीही हाकेल, घर हाकणारा एकच आहे. लादिस्लाओ गिनेओ.

हे नाव मी स्वतःच्या हातानं पहिल्यांदा लिहितेय. बावीस वर्षं झाली. बाबा त्याच्याच होडीतून शिंपल्या काढायला गेले होते. तिसऱ्या दिवशी पहाटे होडी आली, त्यात तो एकटा. म्हणाला, "एर्मिनिओला लाटेनं नेलं." होडीला साधा ओरखडा नव्हता! प्रेतही मिळालं नाही. मी सतरा वर्षांची होते. चर्चच्या पायरीवर सगळ्यांदेखत त्याच्या तोंडावर थुंकले. त्यानं बाहीनं पुसलं आणि गेला.

पुढे त्याच्याबरोबर समुद्रात जायला कोणी तयार होईना. होडी विकली, बैल घेतले. आईनं त्यानंतर त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. तो दिसला की रस्ता ओलांडते.

११ एप्रिल, गुरुवार

आईला नाव सांगितलं. बटाटा सोलायची थांबली नाही. "दुसरा शोध."

दुसरा नाहीये.

१२ एप्रिल, शुक्रवार

तरी गेले. न सांगता.

गोठ्यात होता, बैलांच्या खुरांना तेल लावत. केस पार पांढरे झालेत. मी उंबऱ्यातच उभी राहिले, आत पाऊल टाकवेना. म्हटलं, "आईचं घर वर न्यायचंय. कडा आठ पावलांवर आलाय."

"माहीत आहे. रोज बघतो."

रोज बघतो! हे ऐकूनच डोकं फिरलं.

"उबेर्लिंदानं पाठवलं तुला?"

"नाही. मी आलेय."

"मग नाही जमायचं. तिनं सांगितलं तर येईन. तिच्या तोंडून. ती नको म्हणालीय तोवर त्या घराला हात लावणार नाही."

माझा तोल गेला. म्हटलं, "माझ्या बापाला सोडून आलात, आता आईही समुद्रात जायची वाट बघताय?"

तो खाली मान घालून तेल लावत राहिला. मग म्हणाला, "डावीकडचा जरा आळशी आहे. उजवा चांगला." बैलांबद्दल! मी निघून आले. वाटेत रडले. दुःख नव्हतं, नुसता संताप.

१३ एप्रिल, शनिवार

रात्रभर पाऊस. सकाळी पावलं — नऊ. दानित्साचीच.

आईला सगळं सांगून टाकलं, तो काय म्हणाला तेही. तिनं विचारलं, "माझ्या तोंडून, असं म्हणाला?" हो म्हटलं. उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. अर्धा तास आत आली नाही.

१४ एप्रिल, रविवार

आज वाडीत रसासाठी सफरचंदं बडवायचा दिवस. झाडं वाकली होती यंदा. लाकडाच्या लांब कोरलेल्या कोटंबीत ढीग ओतायचा, दोन्ही बाजूंनी माणसांनी उभं राहून लांब काठ्यांनी झोडपायचं — धप्-धप्, धप्-धप् — ताल चुकला की शेजाऱ्याच्या डोक्यात काठी! एल्सिरा सुटलीच होती. "अरे, झोडपतोस की कुरवाळतोस? रात्री बायकोलाही असाच घाबरतोस काय!" पोरं दाबयंत्राच्या तोटीखाली तोंडं लावून पडलेली. दानित्सा इतका गोड रस प्यायली की पोट धरून लोळत होती आणि तरी हसत होती. गांधीलमाश्या, अकॉर्डियन, सगळ्यांचे हात चिकट. मीही दोन तास काठी चालवली. कडा विसरले होते, खरंच.

आणि फाटकातून आई आली. काळा रुमाल बांधून. गेली कित्येक वर्षं ती या दिवशी येत नव्हती, कारण तो येतो.

तो पलीकडच्या टोकाला काठी घेऊन उभा होता. ती सरळ अंगण ओलांडून त्याच्यासमोर. एकेक काठी थांबली. अकॉर्डियनही.

आई म्हणाली, "माझं घर किती जोड्यांचं आहे?"

त्यानं काठी खाली टेकवली. मग, "चौदा. स्वयंपाकघर काढलं तर बारा."

"स्वयंपाकघर काढायचं नाही."

"मग चौदा."

"कधी?"

"शनिवारी. पाऊस असला तरी."

"बरं." आणि आई वळली. चार पावलं गेली आणि मागे न बघता म्हणाली, "बोलले मी. ऐकलंस ना?"

"ऐकलं, उबेर्लिंदा."

बावीस वर्षांनी एवढंच! एल्सिरानं काठी आपटली — "काय बघताय? सफरचंदं आपोआप फुटतात का?" धप्-धप् पुन्हा सुरू. पण माझा ताल नंतर जमलाच नाही.

१७ एप्रिल, बुधवार

घर रिकामं करतोय. दारं काढली, खिडक्या काढल्या, आतून तिरक्या वाशांचे आधार ठोकले. लादिस्लाओ काल-आज दिवसभर तिथे. कोणाशी फार बोलत नाही. घर जोत्यावरून सोडवून खाली दोन लांब तुळया घातल्या, पुढची टोकं घसरगाडीसारखी तासलेली. प्रत्येक खिळा स्वतः बघतो. आई आणि तो एकाच खोलीत असतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत, पण ती आता रस्ता ओलांडत नाही. दुपारी त्याच्यासमोर रश्शाचा वाडगा ठेवला. ठेवला आणि निघून गेली. त्यानं तो उभ्यानंच संपवला.

मला हे बघवत नाही. बाबांसाठी कोणीतरी रागावलेलं राहायला हवं ना!

दानित्सा त्याच्यामागे फिरतेय. "लादिस्लाओआजोबा, हा बैल चावतो का?" आजोबा!! घरी आल्यावर मी तिच्यावर ओरडले. तिला कारण कळलं नाही.

दानित्साची पावलं सात. मागच्या दारापुढे एक नवी भेग, बोट जाईल एवढी.

१९ एप्रिल, शुक्रवार

वारा फिरलाय. भेगेत आता अख्खा हात जातो. आई त्याच घरात झोपणार म्हणते — दार नाही, खिडकी नाही! भांडले. शेवटी तिच्या शेजारी मीही.

२० एप्रिल, शनिवार

रात्र झालीय, तरी लिहिते.

सकाळी आठला चौदा जोड्या उभ्या, कमी पडलेल्या तीन लादिस्लाओनं आणलेल्या. पाऊस बारीक. आई घरातून उतरायला तयार नाही. स्वयंपाकघराच्या मधोमध खुर्ची टाकून बसली, मांडीवर कोंबडी. मी विनवण्या करतेय, एल्सिरा करतेय. लादिस्लाओ म्हणाला, "बसू दे. तिचं वजन ते काय." सगळे हसले. मी नाही.

मग त्याची आरोळी. असा आवाज त्या माणसात असेल वाटलं नव्हतं! चौदा जोड्या एकदम ताणल्या, माणसांनी दोर धरले, आणि घर कण्हलं. हललं! पोरं किंचाळत शेजारून पळायला लागली. मागचे ओंडके उचलून पुढे, पुन्हा मागचे पुढे. कुरणातून वर येईपर्यंत जत्राच होती. कोणी सफरचंदाची दारू फिरवतंय, कोणी बैलांना शिव्या देतंय, आई दाराच्या चौकटीतून राणीसारखी बघतेय.

ओढ्याच्या वळणावर साखळी तुटली.

बंदुकीसारखा आवाज. पुढच्या जोड्या गुडघ्यांवर कोसळल्या. मागच्या एकट्यांना घर धरवेना, ते उतारावर मागे सरकायला लागलं. सावकाश. हेच भयंकर होतं — इतकं सावकाश, आणि कोणालाच काही करता येईना. आत आई. माणसं दोर सोडून बाजूला उड्या मारत होती. मी किंचाळले की नाही, आठवत नाही.

लादिस्लाओनं हातातली बैल टोचायची पराणी फेकली. मागच्या बाजूला धावला, जिथून सगळे पळत होते तिथे. पडलेला ओंडका दोन्ही हातांनी तुळईखाली रेटला. घर त्यावर चढलं, कुरकुरलं, थांबलं.

त्याचा डावा हात खालीच होता.

चार जणांनी पहारी घालून सोडवला. आणि आईनं — सत्त्याहत्तर वर्षांची! — त्या चौकटीतून कमरेएवढ्या उंचीवरून खाली उडी मारली. डोक्याचा रुमाल काढून त्याच्या हाताला गुंडाळला. मी शेजारीच होते. ती त्याच्या कानाशी म्हणाली, "पुरे झालं आता, लादिस्लाओ. पुरे."

मला वाटलं, ओढणं थांबवा म्हणतेय. त्यालाही तसंच वाटलं असावं, कारण तो दगडावर बसून ओरडला, "दुसरी साखळी लावा! बाई उतरली, आता हलकं झालं!" लोक हसत होते आणि डोळे पुसत होते.

कास्त्रोला, शहरातल्या दवाखान्यात न्यायला गाडी आली तरी तो हलेना. घर माझ्या कुंपणाशी टेकेपर्यंत दगडावरच. तिथूनच हुकूम. पांढराफटक झालेला. अडीच वाजता घर टेकलं, मग गाडीत बसला.

तापल्या दगडांवर खड्ड्यात पुरून शिजवलेलं जेवण उघडलं — शिंपल्या, मांस, बटाटे, वाफच वाफ — पण पहिला घास कोणी घेईना. शेवटी आईच म्हणाली, "खा. त्यानं उपाशी राहायला नाही सांगितलं."

२१ एप्रिल, रविवार

दोन बोटं काढली. आईला सांगितलं. तिनं विचारलं, "कुठली?" करंगळी आणि शेजारचं. मान हलवली.

घर जरा तिरकं बसलंय. दानित्सा म्हणते, आजीच्या स्वयंपाकघरात गोटी ठेवली की आपोआप चुलीकडे जाते. सकाळपासून तोच खेळ, वाडीतली सगळी पोरं आत.

खाली जुन्या जागेवर जाऊन आले. भेगेपलीकडचं सगळं गेलंय. परवा मी आणि आई जिथे झोपलो होतो ती जागा आता कड्याची कड आहे.

२३ एप्रिल, मंगळवार

सकाळी आईच्या चुलीपाशी बसून मी म्हटलं, "बाबांच्या बाबतीत जे केलं, त्याचं थोडं तरी फिटलं म्हणायचं त्याच्याकडून."

आईनं किटली खाली ठेवली. म्हणाली, "तुझा बाप बुडाला नाही. लादिस्लाओनं त्याला पलीकडच्या किनाऱ्यावर उतरवला. तिथून अर्जेंटिनाला गेला, एका बाईबरोबर. शेवटपर्यंत त्याला परत चल म्हणत होता हा, दोन दिवस. मग पहाटे येऊन मला खरं ते सांगितलं. मीच म्हटलं, बुडाला म्हणून सांग. माझ्या पोरीचा बाप मेलेला चालेल, पळालेला नको. आणि पुन्हा माझ्या दाराशी येऊ नकोस."

"मग इतकी वर्षं तुझा राग?"

"राग कसला. त्याच्याकडे बघायचं तोंड नव्हतं मला."

लादिस्लाओचे बटाटे अजून जमिनीत आहेत. एका हातानं निघायचे नाहीत. उद्या कुदळ घेऊन जाते. काय बोलणार, माहीत नाही.