काकांची परवानगी

तक्रार अधिकारी महोदय,

खंडेरावकाकांनी मला न विचारता तुमच्या वधूवर साइटवर माझं नाव घातलं होतं. त्यांच्याच जाचाला कंटाळून मी घर सोडलं आणि माझी माहिती काढून टाका, असा तुम्हाला अर्ज केला. ओळख पटवायची म्हणून तुम्ही माझा नवा पत्ताही मागून घेतलात. आणि तो अख्खा अर्ज काकांनाच पाठवलात!

फोन केला तर तुमच्याकडची मुलगी म्हणते, "मॅडम, अकाउंट अंकलचं आहे ना. त्यांची परवानगी लागेल."

एकतीस वर्षांची आहे मी! काल काका सिन्नरचं स्थळ घेऊन माझ्या दारात उभे होते.

आता तक्रार पोलिसांत जातेय. हे पत्र मात्र तुम्हाला पाठवत नाही. पाठवलं, तर तेही आधी काकांनाच दाखवाल.

पत्ता न लिहिणारी,
उज्वला