देवाच्या बोकडाची तात
रविवार, संध्याकाळ. एटापल्ली.

काका पूजेत जी किंगरी वाजवत गातात, तिच्या पोलादी तारा काढायचा हट्ट माझाच. जुना आवाज हवा होता ना मला, आतड्याच्या तातेचा! काका म्हणाले होते, "चालते. पण तात देवाले देलेल्या बोकडाचीच पायजे." मी सरळ नागपूरच्या दुकानातून मागवली. कोणाला काय कळतंय?

आज पूजेआधी काकांनी विचारलं, "कोनाचा बोकड होता रे?" पटकन तोंडातून निघून गेलं, "आत्याचा." ती परगावी राहते, म्हणून सुचली असेल.

तात सुरेख बोलली. माझे तर डोळे भरून आले. मग गाता गाता काकांनी बोकड देणाऱ्या घराचं नाव देवापुढे घेतलं. आत्याचं. आणि आत्या समोरच बसली होती; ती पूजेला आलीय हे मला ठाऊकच नव्हतं. ती चमकली, तिनं माझ्याकडे बघितलं आणि हात जोडले.

नंतर अंगणात तिला सगळं सांगितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "देवापुढं नाव घेतलं ना बाबू. आता द्यावाच लागन."

तिच्याकडे एकच बोकड आहे. जेवायलाही थांबली नाही. त्याला पाला टाकायचा राहिलाय म्हणे.