सत्त्याण्णवच्या शील्डची वाटणी

मी, इमॅन्युएल सूर्यभान खंडारे, वय वर्षे ७१, निवृत्त क्रीडाशिक्षक, राहणार कॅम्प, अमरावती, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो ते असे की, माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, परंतु कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. हे लिहिताना मला कोणी धाक घातलेला नाही. एकतीस वर्षे मिशनच्या हायस्कुलात फुटबॉल शिकवताना धाक घालण्याचे काम माझ्याकडे होते, आता मला घालणार कोण?

कलम १. माझे दोन खोल्यांचे घर, अंगण व बँकेत जे काही निघेल ते माझी एकुलती एक मुलगी मोनाली हिचे. ती परतवाड्याला शिक्षिका आहे. अट एवढीच की, मागच्या भिंतीवर मी चुन्याने आखलेला गोल पुसू नये. जावईबापू म्हणतात तिथे गाडी लावायची. खुशाल लावावी. गल्लीतल्या पोरांनी काच फोडली तर तक्रार घेऊन माझ्याकडे येऊ नये, मी भेटणार नाही.

कलम २. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. धर्मेंद्र करील. हा माझा विद्यार्थी व १९९४ सालचा गोलकीपर. त्या वर्षी त्याच्या दोन पायांमधून चार गोल गेले. वकिलीत त्याच्या हातून काही निसटत नाही असे ऐकतो. ऐकीव माहितीवर विश्वास ठेवणे भाग आहे.

कलम ३. सुतळीचे गोलाचे जाळे शाळेला द्यावे. शाळेकडे जाळे नव्हते, तेव्हा माझी दिवंगत पत्नी वच्छला हिने दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या खपून ते विणले. ती मॅचला येऊन पार टोकाला, गोलाच्या मागे बसायची. मी विचारले, तिकडून खेळ काय दिसतो? म्हणाली, "खेळ तुमी पाहा. गोल झाला का मले माहं जाळं हालताना दिसते." तिला जाऊन नऊ वर्षे झाली. मला ती रोज आठवते, हे मृत्युपत्रात लिहायचे नसते असे धर्मेंद्र म्हणतो. लिहिले आहे.

कलम ४. आमचे क्रिकेटचे नत्थुजी सर यांनी १९८९ साली निम्मे मैदान खेळपट्टीसाठी बळकावले आणि फुटबॉलला भर स्टाफरूममध्ये 'लाथाळी' म्हटले. त्यांना माझ्याकडून काहीही मिळू नये. तथापि ते अजून सकाळी फिरायला जातात व रस्त्यातली कुत्री त्यांच्या मागे लागतात, म्हणून माझी शिट्टी त्यांना द्यावी. जोरात फुंकावी लागते. तेवढा दम त्यांच्यात कधी नव्हता, बघू.

कलम ५. माझा दफनविधी ख्रिस्ती रीतीने व्हावा, पण पाळकसाहेबांनी प्रार्थना दहा मिनिटांत आटपावी. मॅचच्या आधी ते पाऊण तास प्रार्थना करायचे आणि तेवढ्यात गरम केलेली पोरं थंड पडायची. देवाला अमरावतीचा स्कोअर एकदा सांगितला तरी कळतो. मला टाय बांधू नये.

कलम ६. आता शील्ड. हे कलम लिहायला मला अठ्ठावीस वर्षे लागली, म्हणून ते लांब आहे.

१९९७ साली अकोल्याला आंतरशालेय फायनल झाली. आम्ही विरुद्ध अकोल्याची शाळा. त्यांचे कोच अब्दुल सत्तार सर माझे जिवाभावाचे दोस्त. ईदचा शीरखुर्मा तिकडून यायचा, नाताळच्या करंज्या इकडून जायच्या. त्यांचा मुलगा गुलफाम त्यांच्या संघाचा कप्तान, वय पंधरा, बचावाला उभा राहिला की भिंत. सामना संपायला दोन मिनिटे, शून्य-शून्य. आमचा भातकुलीचा बंडू चेंडू घेऊन गोलासमोर पोचला आणि ऐन वेळी विचार करू लागला. बंडूला विचार करायची सवय नव्हती. मी रेषेवरून बोंबललो, "हान! हान! हान!"

आम्हा वऱ्हाड्यांना 'ण' जड जातो. व्याकरणाच्या सरांनी छड्या मोडल्या तरी आमचे पाणी ते पानीच राहिले. पुण्याच्या माणसाने 'हाण' ऐकले असते तर त्याला कळले असते. नेमके त्या दिवशी रेफरी पुण्याचे होते. त्यांना ऐकू आले 'हँड! हँड! हँड!' तेवढ्यात बंडूने मारलेला चेंडू गुलफामला लागून बाहेर गेला, रेफरींनी शिट्टी फुंकली आणि पेनल्टी दिली. बंडूने ती मारली. शील्ड आम्ही जिंकली.

काय घोटाळा झाला ते मला त्याच क्षणी कळले. सत्तारभाई धावत आले. त्यांच्या बाजूला बँड वाजत होता, त्यांनी माझा शब्द ऐकला नव्हता. म्हणाले, "खंडारे, तुमी हँड म्हनून ओरडले का? खरं सांगा." माझ्या पोरांनी मला खांद्यावर उचलले होते. मी वरूनच म्हणालो, "रेफरीले विचारा ना." रेफरी त्यांना म्हणाले, हे सरच तर 'हँड' ओरडले.

एवढेच. खोटे एक अक्षर बोललो नाही आणि सगळे खोटे झाले. त्याच्या शाळेत पोरांनी गुलफामचा 'हँडफाम' केला. त्याने त्या वर्षी फुटबॉल सोडला. सत्तारभाई भेटेल त्याला सांगत राहिले की माझा मुलगा खोटा नाही, खंडारे खोटा आहे. ते बरोबर होते. त्यांनी माझा सलाम घेणे बंद केले.

करिता ती शील्ड, जी शाळेने कपाट बदलताना भंगारात काढली व मी घरी आणली, ती गुलफाम अब्दुल सत्तार यास मिळावी. मी 'हान' म्हणालो होतो. गुलफाम निर्दोष आहे. हे मी मेल्यावर सर्वांसमोर मोठ्याने वाचावे.

कलम ७. हे कलम आज अकोल्यात, सत्तारभाईंच्या जेवणाच्या टेबलावर लिहीत आहे.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. साक्षीदाराला मजकूर वाचून दाखवण्याची गरज नसते, असे धर्मेंद्रने सांगितले. मी म्हटले, झकास! सत्तारभाईंची सही घ्यायची, आतले त्यांना मी गेल्यावर कळेल, आणि रागवायला मी हजर नसेन. वय वाढते तशी अक्कल वाढते, हिंमत नाही. धर्मेंद्रच्या गाडीतून आलो. दार सत्तारभाईंच्या पत्नी बिस्मिल्लाबींनी उघडले. म्हणाल्या, "या. अठ्ठावीस वर्सानं रस्ता सापडला का?"

सत्तारभाई चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. मी कागद उलटा धरून पुढे केला. ते म्हणाले, "न वाचता मी हजेरीवर सई केली नाही कधी, याच्यावर काहून करू?" आणि चष्मा लावला. कलम ६ त्यांनी दोनदा वाचले. मग गुलफामला हाक मारली. तो आता कृषी विद्यापीठात लिपिक आहे, केस माझ्यापेक्षा पांढरे. "वाच," सत्तारभाई म्हणाले, "मी सांगून राहिलो होतो ना साऱ्या अकोल्याले! आता लेखी आलं."

गुलफामने वाचले. खाली बसला. मग म्हणाला, "सर, बॉल हाताले लागला होता."

मी म्हणालो, "काय?"

"बोटाच्या टोकाले. कोनी पाह्यलं नाही, रेफरीनंबी नाही. अब्बा माह्यासाठी साऱ्या गावाशी भांडून राहिले होते. मंग मी कसा सांगू? हँडफाम म्हनत त्याचं काही नव्हतं वाटत. अब्बा रोज कोनाले तरी सांगत का माहा पोरगा खरा हाय, ते ऐकवत नव्हतं. म्हनून खेळ सोडला."

सत्तारभाईंनी माझ्याकडे पाहिले, मुलाकडे पाहिले, आणि म्हणाले, "अरे भई, मंग आता मी रागावू कोनावर?"

बिस्मिल्लाबी आतून म्हणाल्या, "दोघायवर थोडे थोडे रागवा. जेवन थंडं होऊन राहिलं."

रेफरींचा निर्णय योगायोगाने बरोबर निघाला म्हणून माझे गप्प बसणे बरोबर ठरत नाही. अन्याय झाला असे समजूनच मी गप्प बसलो होतो. हे मी गुलफामला सांगितले आणि त्या पांढऱ्या केसांच्या पोराला धरून रडलो. तोही रडला. धर्मेंद्र खिडकीबाहेर पाहत होता, त्याला चेंडूसारखे रडणेही धड अडवता येत नाही.

शील्ड घ्यायला गुलफाम तयार नाही. ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रात साक्षीदाराला काही दिले तर ते देणे कायद्याने बाद होते, हे धर्मेंद्रच्या तोंडून निघताच गुलफामने खिशातले पेन काढले व म्हणाला, "मंग पहिला साक्षीदार मीच." त्यामुळे कलम ६ मधील देणगी बाद झाली आहे. कबुली बाद झालेली नाही.

कलम ८. शील्ड कोणाची, यावर जेवताना वाद झाला व मिटला नाही. सबब ती सहा महिने अकोल्यास व सहा महिने अमरावतीस राहील. ने-आण मी व सत्तारभाईंनी जातीने करावी. पार्सल चालणार नाही. आमच्यापैकी एक गेल्यावर दुसऱ्याने ती अकोल्याच्या मैदानावर लहान पोरांच्या स्पर्धेसाठी द्यावी, आणि तिची हकीकत त्यांना न लाजता सांगावी.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, पोटभर जेवून खालील साक्षीदारांसमक्ष सही केले असे.

ठिकाण : अकोला
दिनांक : ८ नोव्हेंबर २०२५
सही : इ. सू. खंडारे

साक्षीदार १ : गुलफाम अब्दुल सत्तार, वय ४३, राहणार अकोला. (सही)

साक्षीदार २ : अब्दुल सत्तार, वय ७४, निवृत्त शिक्षक, राहणार अकोला. (सही)
शेरा : साक्षीदार क्रमांक १ हा माझा मुलगा आहे. त्याने आज माझ्यासमोर खरे सांगितले. माझी ही सही त्या सांगण्यालाही साक्ष समजावी.