पुनमच्या जस्ताच्या गोळ्या

कुंदनभाऊ,

आईला आणि वहिनीला नमस्कार. तुला सध्या नाही.

इथे जर्मनीत मी बरी आहे, वेळेवर जेवते, एवढं आईला वाचून दाखव. पुढचं फक्त तुझ्यासाठी.

तू पुनमचं पेनिसिलिनचं इंजेक्शन बंद करून तिला जस्ताच्या गोळ्या सुरू केल्यास, हे वहिनीकडून कळलं. फोनवर विचारलं तर म्हणालास, "तूच त सांगेल शे ना." मी असं कधी सांगितलं? माझ्या संशोधनाच्या बातमीचं कात्रण तू दुकानात चिकटवलंस, पण धड वाचलं नाहीस.

ज्याला अडवायला पुनमला पेनिसिलिन देतात, घशाच्या त्या जंतूत जस्त ओळखणारं एक प्रथिन असतं. जस्त पुरेसं असलं की ते काही जनुकं दाबून धरतं. जस्त कमी पडलं की सोडून देतं आणि जंतू चेकाळतो. म्हणून पोरीला जस्त चारायचं? अरे, जंतू घुसला की शरीर स्वतःच तिथलं जस्त लपवतं. तुझ्या गोळीने तो मरत नाही. मी हे सगळं काचेच्या नळीत पाहिलंय, तुझ्या मुलीच्या घशात नाही.

याच जंतूमुळे घसा धरून तिच्या हृदयाची झडप एकदा सुजली आहे. पुन्हा तसा घसा धरला तर ती झडप निकामी होईल. माझं नाव सांगून तिच्या जिवाशी खेळू नकोस.

आईचे गुडघे कसे आहेत?

राखी आणून ठेवली आहे. पुनम फोनवर रडत "आत्या, सुई टोचली तिथे दुखतंय" म्हणेल, त्या दिवशी पोस्टात टाकीन.

तरीही तुझीच बहीण,
सुलक्षणा